मून क्लिप भरणे आणि रिकामी करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेंजवर दोन तास नेमबाजी करावी आणि घरी येऊन तास-दीड तास क्लिपांशी कुस्ती खेळावी, असा मून क्लिप वापरणाऱ्या रिव्हॉल्व्हरवाल्यांचा शिरस्ता आहे. काडतुसे क्लिपमध्ये बसत नाहीत, बसली तर निघत नाहीत, आणि निघाली तर क्लिप वाकते, या तीन तक्रारी निरनिराळ्या शब्दांत माझ्याकडे सतत येतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सर्व उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरली आहे: घरी क्लिप किंवा रिव्हॉल्व्हर तपासताना रिव्हॉल्व्हर रिकामे असावे, त्याचे सिलिंडर (काडतुसे बसतात तो फिरता भाग) उघडून पाहिलेले असावे आणि चाचणीसाठी डमी काडतुसेच वापरावीत.

१. मून क्लिप म्हणजे नेमके काय, आणि ती मुळात लागतेच कशाला?

मून क्लिप ही पोलादी पत्र्याची पातळ, लवचीक चकती असते. तिच्या परिघावर खाचा असतात आणि काडतुसाच्या बुडाजवळची खोबण त्या खाचेत अडकते. अशा रीतीने पाच, सहा, सात किंवा आठ काडतुसे एकत्र बांधली जातात, एकदम सिलिंडरमध्ये जातात आणि झाडून झाल्यावर एकदम बाहेर येतात.

रिव्हॉल्व्हरच्या पारंपरिक काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली रिम असते. ती सिलिंडरच्या पाठीवर टेकते, म्हणून काडतूस आत घरंगळत नाही, आणि तिलाच धरून एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी बाहेर ढकलतो. पिस्तुलासाठी बनवलेल्या .४५ एसीपी किंवा ९ एमएम काडतुसाची रिम मात्र जवळजवळ पुंगळीच्याच व्यासाची असते. एक्स्ट्रॅक्टरला धरायला तेथे काहीच उरत नाही. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा एम१९११ पिस्तुले पुरेनात, म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन कारखान्यांकडून तेच .४५ एसीपी काडतूस झाडणारी रिव्हॉल्व्हरे करून घेण्यात आली, तीच एम१९१७. त्यांच्यासाठी स्मिथ अँड वेसनने तीन काडतुसांची अर्धचंद्राकृती क्लिप काढली आणि ‘मून’ हे नाव त्या आकारावरून पडले. सहा काडतुसांची पूर्ण गोल क्लिप प्रचारात यायला त्यानंतर अनेक दशके गेली.

एक्स्ट्रॅक्टरचा मागचा भाग चांदणीच्या आकाराचा असतो, म्हणून पुढील उत्तरांत त्याला ‘चांदणी’च म्हटले आहे. चंद्र चांदणीवर सपाट बसला पाहिजे, एवढ्या एका वाक्यात या यंत्रणेचे निम्मे शास्त्र येते.

२. अर्धी क्लिप घ्यावी की पूर्ण? भरायला सोपी कोणती?

भरायला आणि रिकामी करायला अर्धी क्लिप सोपी असते, कारण तिला दोन मोकळी टोके असतात आणि टोकाकडचा दात (खाचेच्या बाजूचा पत्रा) सहज लवतो. सिलिंडरमध्ये घालायला मात्र पूर्ण क्लिप कितीतरी सोपी, कारण एकाच हालचालीत काम होते. स्पर्धेसाठी पूर्ण क्लिप घ्यावी. जुने एम१९१७ निवांतपणे चालवणाऱ्याने किंवा बोटांत जोर नसलेल्याने अर्ध्या क्लिपा वापरण्यात काहीच कमीपणा नाही.

३. काडतूस तेच असेल तर एका रिव्हॉल्व्हरची क्लिप दुसऱ्याला चालते का?

बहुधा चालत नाही. काडतूस सारखे असले तरी सिलिंडरच्या केंद्रापासून चेंबर (काडतूस बसण्याची भोके) किती दूर आहेत, ते किती आहेत आणि चांदणीभोवती क्लिपसाठी किती खोल जागा कोरली आहे, हे रिव्हॉल्व्हरच्या बनावटीनुसार बदलते. ९ एमएमचेच पाहा: रुगर एलसीआरमध्ये पाच, स्मिथ अँड वेसन ९८६ मध्ये सात आणि ९२९ मध्ये आठ काडतुसे बसतात, त्यामुळे तिन्हींच्या क्लिपा निराळ्या असतात. उलट स्मिथ अँड वेसन ६१० मध्ये १० एमएम आणि .४० एस अँड डब्ल्यू ही दोन्ही काडतुसे एकाच क्लिपवर बसतात, कारण दोहोंचे बूड सारखे आहे आणि फरक फक्त लांबीचा आहे. क्लिप विकत घेताना काडतुसाचे नाव आणि रिव्हॉल्व्हरचे मॉडेल ही दोन्ही सांगावीत.

४. काडतुसे क्लिपमध्ये बसवताना अंगठे सोलवटून निघतात. माझे काय चुकते?

बहुतेक वेळा तुमचे काही चुकत नाही. क्लिप आणि पुंगळी यांची जोडी जुळलेली नसते. भरण्याचे साधन विकत घेण्यापूर्वी, बोटांना पट्ट्या बांधण्यापूर्वी आणि क्लिप बनवणाऱ्याला दूषणे देण्यापूर्वी ही जोडी तपासावी, असा माझा आग्रह असतो, आणि या पानावरील निम्म्या प्रश्नांची मुळे येथेच आहेत.

काडतुसाची बाहेरची मापे प्रमाणित असली तरी खोबणीची रुंदी, तिच्या तळाचा व्यास आणि तिच्या उताराचा कोन यांत कारखान्या-कारखान्यांत फरक पडतो, आणि कधी कधी एकाच कारखान्याच्या दोन वर्षांच्या मालातही पडतो. हा फरक पिस्तुलाच्या लेखी नगण्य असतो, कारण पिस्तुलाचा एक्स्ट्रॅक्टर खोबणीला एकाच बाजूने नख लावतो. मून क्लिप मात्र खोबणीला अर्ध्याहून अधिक घेरते. तेथे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा फरकही अंगठ्याला कळतो.

चाचणी साधी आहे. रेंजवरून आणलेल्या रिकाम्या पुंगळ्या बुडावरील छापानुसार वेगळ्या करा, प्रत्येक छापाच्या पाच-सहा पुंगळ्या घ्या आणि एकाच क्लिपमध्ये आलटून पालटून बसवून पाहा. एका छापाची पुंगळी ‘टक्’ असा हलका आवाज करून बसेल, दुसरीला दोन्ही अंगठे लावावे लागतील आणि तिसरी बसल्यावरही खुळखुळत राहील. पहिली ती तुमच्या क्लिपची जोडी. त्यानंतर त्याच छापाची काडतुसे घ्यावीत, किंवा स्वतः काडतुसे भरत असाल तर त्याच पुंगळ्या जपून ठेवाव्यात. मिसळीच्या पुंगळ्या डब्यात ओतून हाताला येईल ती क्लिपमध्ये कोंबणे, हे बोटे सोलवटण्याचे सर्वांत मोठे कारण मी पाहिले आहे.

योग्य जोडीची खूण अशी: भरलेली क्लिप आडवी धरली असता काडतुसे बोटाच्या स्पर्शाने किंचित हलावीत, पण आपल्या वजनाने लोंबू नयेत. अगदी ताठ बसलेली काडतुसे भरताना त्रास देतात आणि काढताना त्याहून अधिक. शिवाय एखादे जरी किंचित तिरके असले तरी सगळा गुच्छ सिलिंडरच्या तोंडाशी अडतो.

जोडी जुळूनही नवी क्लिप बोचरी लागत असेल, तर तिच्या कडा पाहा. ठशाने कापलेल्या पत्र्याची एक बाजू गोलसर आणि दुसरी धारदार राहते. ती धार बारीक दगडावर एक-दोनदा हलकेच फिरवून मोडावी आणि रिकामी पुंगळी पाच-सात वेळा घालून काढावी. खाचेची आतली गोलाई मात्र कानसू नये, कारण तेथे घेतलेला पत्रा परत येत नाही.

५. हाताने भरण्याची रीत कोणती? काडतुसे ओळीने भरावीत की एकाआड एक?

मी ओळीने भरतो, आणि त्याला कारण आहे. शेजारच्या दोन खाचांमध्ये एकच दात सामाईक असतो. काडतूस आत जाताना हा दात बाजूला लवतो. शेजारची खाच रिकामी असेल तर त्याला लवायला जागा मिळते आणि भरलेली असेल तर मिळत नाही. ओळीने भरल्यास फक्त शेवटच्या काडतुसाला दोन्ही बाजूंनी भरलेले शेजारी लाभतात. एकाआड एक भरल्यास सहापैकी तीन काडतुसांच्या वाट्याला ही अडचण येते. ज्या क्लिपांच्या दातांमध्ये मधोमध चीर दिलेली असते, त्यांत हा फरक जवळजवळ जाणवत नाही.

क्लिप डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत केंद्राजवळ धरावी. काडतूस उजव्या हातात उभे धरून खोबण खाचेच्या तोंडाशी आधी नीट टेकवावी, दोन्ही दात खोबणीतच आहेत ना हे डोळ्यांनी पाहावे आणि मग काडतूस क्लिपच्या पातळीतच, सरळ केंद्राकडे दाबावे. चूक होते ती येथे: अंगठा गोळीच्या टोकावर ठेवून वरून रेटले की काडतूस तिरके होते, क्लिपचा दात वर उचलला जातो आणि वाकण्याची सुरुवात होते. जोर बुडाजवळ, खोबणीच्या लगत द्यावा. शेवटचे काडतूस हट्ट करत असेल तर ते किंचित डावी-उजवीकडे डोलवत आत न्यावे.

६. भरण्यासाठी पक्कड किंवा लिव्हरचे यंत्र घ्यावे का?

महिन्यातून एकदा पन्नास गोळ्या झाडणाऱ्याला गरज नाही. दर आठवड्याला दोन-तीनशे झाडणाऱ्याने अवश्य घ्यावे. पक्कड प्रकारात एक जबडा क्लिपच्या केंद्रातील छिद्राला धरतो आणि दुसरा काडतुसाला बाहेरून आत ढकलतो. टेबलावरच्या यंत्रात क्लिप खुंटीवर बसते आणि लिव्हर एकेक काडतूस दाबते. दोन्हींचा खरा फायदा वेगापेक्षा दिशेचा आहे, कारण जोर नेहमी क्लिपच्या पातळीत राहतो. जोडी जुळलेली नसताना यंत्र वापरणे मात्र धोक्याचे, कारण अंगठ्याने दिलेला इशारा लिव्हर देत नाही आणि क्लिप मुकाट्याने पसरत जाते.

साध्या घरगुती पकडीने काडतूस दाबू नये. तिचे दाते पुंगळी ओरबाडतात आणि ती घसरली तर प्रायमरजवळ, म्हणजे बुडातील ठिणगी देणाऱ्या टोपीजवळ, जाते.

७. रिकाम्या पुंगळ्या काढताना क्लिप वाकते. न वाकवता कशा काढाव्यात?

मून क्लिपांचे आयुष्य झाडताना संपत नाही. ते पुंगळ्या काढताना संपते. माझ्या पहिल्या डझनभर क्लिपांपैकी निम्म्या मी स्वतःच स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून वाया घालवल्या होत्या, आणि दोन महिने ट्रिगर जड झाल्याचे खापर रिव्हॉल्व्हरवर फोडत होतो.

काय टाळायचे ते आधी सांगतो. पुंगळीच्या तोंडात खिळा किंवा सळई घालून ती बाहेरच्या बाजूला पालथी करू नये. पुंगळी लांब असते, क्लिप पातळ असते, आणि त्या तरफेने दात हमखास वर येतो. एका हाताने क्लिप आणि दुसऱ्या हाताने पुंगळीचे तोंड धरून खेचण्यातही हाच दोष आहे, फक्त तो जरा सावकाश घडतो.

योग्य साधन म्हणजे तोंडाशी खाच कापलेली नळी. नळी पुंगळीवरून सरकून क्लिपच्या पृष्ठभागापर्यंत येते. तिच्या तोंडाचा एक भाग कापलेला असतो आणि उरलेली जीभ क्लिपच्या बाहेरच्या मोकळ्या बाजूने, म्हणजे जेथे पुंगळीला पत्र्याचा वेढा नसतो तेथून, खाली उतरते. आता नळी मुठीत धरून पिळली की जिभेची कड दाताला बाजूने ढुशी देते, दात पातळीतच लवतो आणि पुंगळी नळीसकट मोकळी होते. येथे ओढायचे नसते, उचलायचेही नसते, फक्त पिळायचे असते. मनगटाची ही सवय लागली की सहा पुंगळ्या सहा पिळांत निघतात आणि त्या नळीतच एकावर एक साठत जातात.

काढण्याचा क्रम भरण्याच्या तर्काचाच आहे (प्रश्न ५ पाहा): पहिली पुंगळी सर्वांत चिवट असते, म्हणून ती निघाल्यावर पलीकडे उडी न मारता तिच्या लगतचीच काढावी. तिच्या बाजूचा दात आता लवायला मोकळा झालेला असतो.

८. अशी नळी घरी करता येईल का?

सहज करता येते. नळी पोलादाची किंवा जाड पितळेची असावी. ॲल्युमिनियमची जीभ लवकर झिजते. आतला व्यास पुंगळीहून थोडा अधिक हवा, जेणेकरून ती सैल सरकेल पण डुलणार नाही. .४५ एसीपीची पुंगळी बुडाशी सुमारे १२.१ मिलिमीटर असते, ९ एमएमची सुमारे ९.९ आणि .३८ स्पेशलची सुमारे ९.६, त्या मापावर अर्धा मिलिमीटर धरावा. तोंडाचा जवळजवळ अर्धा घेर क्लिपच्या जाडीहून किंचित अधिक खोल कापावा आणि सर्व कडा घासून गोल कराव्यात. दुसऱ्या टोकाला जाड लाकडी मूठ बसवली नाही तर दहाव्या क्लिपनंतर तळहात दुखू लागतो. पहिला प्रयोग जुन्या क्लिपवर करावा.

९. स्पर्धा संपल्यावर क्लिपमध्ये न झाडलेली काडतुसे उरतात. ती कशी काढावीत?

शक्य असेल तर काढूच नयेत; पुढच्या खेपेस तशीच वापरावीत. काढावीच लागली तर नळीचे साधन जिवंत काडतुसालाही चालते, मात्र नळी गोळीच्या टोकासह काडतूस पूर्ण सामावण्याइतकी खोल हवी आणि आत कोठलेही अणकुचीदार टोक नको. डोळ्यांना चष्मा लावावा, एका वेळी एकच काडतूस काढावे आणि प्रायमरची बाजू तळहातावर किंवा कठीण टेबलावर टेकवू नये. हातोडी, खिळा, चिमटा यांतील काहीही प्रायमरच्या आसपास येता कामा नये. झाडायचा प्रयत्न होऊनही न उडालेले काडतूस वेगळ्या डब्यात ठेवून रेंजच्या नियमाप्रमाणे सोपवावे. ते क्लिपमधून काढण्याची घाई करू नये.

१०. क्लिप वाकली आहे हे कसे ओळखावे?

रिकामी क्लिप खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि बोटाच्या टोकाने एकेका दातावर हलकेच दाबा. सपाट क्लिप मुकी राहते, वाकलेली टिकटिकते. क्लिप उलटी करून पुन्हा पाहा, कारण मधोमध फुगलेली क्लिप एका बाजूने सपाट भासू शकते.

दुसरी चाचणी भरलेल्या अवस्थेतली आहे आणि अधिक खात्रीची आहे, कारण काही क्लिपा रिकाम्या असताना सपाट असतात आणि काडतुसे बसल्यावर ताणाने पिळवटतात. क्लिपमध्ये डमी काडतुसे भरून ती सिलिंडरमध्ये घालावी, सिलिंडर बंद करून ते सावकाश फिरवावे आणि मागच्या फटीतून प्रकाशाकडे पाहावे. पत्रा एकाच उंचीवर फिरत असेल तर क्लिप चांगली. तो वर-खाली लहरत असेल किंवा कोठे घासत असेल तर नाही. ही चाचणी घरी जिवंत काडतुसांनी करू नये. स्पर्धेच्या भरलेल्या क्लिपा तपासण्यासाठी सिलिंडरच्या आकाराचे छिद्रांचे ठोकळे मिळतात, ते रिव्हॉल्व्हरबाहेरच हे काम करतात.

प्रत्येक क्लिपवर पक्क्या शाईच्या पेनाने क्रमांक घालून ठेवा. ‘कधी कधी अडते’ या तक्रारीचे रूपांतर ‘क्रमांक ७ अडते’ असे झाले की अर्धे काम संपते.

११. वाकलेली क्लिप सरळ करून वापरावी का?

सरावासाठी, तेही मन राखायचे असेल तर. दोन सपाट पोलादी ठोकळ्यांत दाबून ती काचेवर मुकी होते खरी, पण एकदा वाकलेला दात पुढच्या पिळात तेथेच वाकतो. मी अशा क्लिपा पक्कड घेऊन दोन तुकडे करूनच टाकतो, कारण अखंड टाकलेली क्लिप का कोण जाणे पुन्हा डब्यात येऊन बसते.

१२. क्लिप सपाट आहे, तरी ट्रिगर मध्येच जड होतो किंवा सिलिंडर अडते. मग दोष कोठे?

दोष कोणाबरोबर प्रवास करतो ते पाहा. क्लिप बदलल्यावर अडथळा गेला तर तो त्या क्लिपमध्ये किंवा तिच्यातील काडतुसांत आहे. कोणतीही क्लिप घातली तरी सिलिंडर त्याच चेंबरशी अडत असेल तर तो रिव्हॉल्व्हरमध्ये आहे.

काडतुसांत बहुधा प्रायमर पुरता खाली बसलेला नसतो आणि सिलिंडरच्या मागील पोलादाला घासतो. घरी भरलेल्या काडतुसांत हा दोष नेहमीचा आहे. बुडावरून बोटाचे टोक फिरवले तर उंचवटा कळतो. रिव्हॉल्व्हरमध्ये सर्वांत आधी चांदणीची खालची बाजू पाहावी. न जळलेल्या दारूचा तीळभर कणही तिच्याखाली बसला की ती उचलली जाते आणि तिच्यावरची क्लिपही उचलली जाते. जुन्या दात-ब्रशने ती जागा प्रत्येक सत्रानंतर झाडावी.

याच्या उलट तक्रारही येते: सिलिंडर सुरळीत फिरते, पण प्रायमरवर ठोका हलका बसतो. रिव्हॉल्व्हरच्या मानाने पातळ क्लिप वापरली असता असे होऊ शकते, कारण काडतूस ठोका बसताच पुढे सरकते आणि ठोक्याचा जोर त्यात खर्च होतो. ट्रिगर हलका करण्यासाठी मुख्य स्प्रिंग सैल केली असेल तर आधी तिचा विचार करावा.

१३. .३८ आणि .३५७ च्या क्लिपा एवढ्या नाजूक का असतात?

ही काडतुसे मुळात रिमची आहेत आणि त्यांना क्लिपची गरजच नसते. फक्त जलद भरता यावे म्हणून सिलिंडरची पाठ कोरून तेथे क्लिपला जागा केलेली असते. स्मिथ अँड वेसन ६२७ हे आठ काडतुसांचे रिव्हॉल्व्हर कारखान्यातूनच असे येते. रिमच्या पुढची खोबण येथे अरुंद असल्याने पत्रा पातळ घ्यावा लागतो. .४५ एसीपीची क्लिप साधारण एक मिलिमीटर जाड असते, तर .३८ ची जवळपास तिच्या निम्मी. त्यात आठ खाचा पाडल्यावर मध्ये फारसा पत्रा उरत नाही, म्हणून प्रश्न ४ मधील पुंगळ्यांची निवड येथे सक्तीची समजावी. क्लिप बनवणारेही पुंगळीच्या छापानुसार निरनिराळ्या जाडीच्या क्लिपा देतात.

दुसरी अडचण लांबीची. .३५७ मॅग्नमची पुंगळी ३२.८ मिलिमीटर आणि .३८ स्पेशलची २९.३ मिलिमीटर असते, तर ९ एमएमची १९.२ च्या आत. लांब पुंगळ्यांचा गुच्छ पातळ क्लिपवर डुलतो. म्हणूनच बरेच स्पर्धक .३५७ च्या सिलिंडरमध्ये .३८ शॉर्ट कोल्ट ही सुमारे १९.४ मिलिमीटरची जुनी पुंगळी वापरतात. एकोणिसाव्या शतकातले काडतूस केवळ क्लिपच्या सोयीसाठी पुन्हा प्रचारात आले, ही गंमत मला फार आवडते.

कोरलेले सिलिंडर क्लिपशिवायही पूर्वीसारखेच चालते. कोरण्याचे काम मात्र जाणत्या गनस्मिथकडूनच करून घ्यावे.

१४. क्लिप नीट भरली आहे, पण ती सिलिंडरमध्ये घसरून जात नाही. काय करावे?

आधी गोळीचा आकार पाहा. गोल नाकाची गोळी चेंबरच्या तोंडाशी स्वतःच वाट शोधते. सपाट नाकाची किंवा खांद्याची धार असलेली गोळी कडेवर अडते. मग पुंगळीचे तोंड पाहा: गोळी बसवल्यावर ते किंचित आत दाबलेले नसेल तर तेथेही अडते. त्यानंतर चेंबर धुवून पाहा. .३५७ मध्ये आखूड पुंगळ्या झाडत राहिल्यास त्यांच्या तोंडापुढे कचऱ्याचे कडे साठते आणि मग लांब पुंगळी पूर्ण आत जात नाही. चेंबरच्या तोंडाला हलका उतार देऊन घेणे हा शेवटचा आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे, पण तोही गनस्मिथचा.

हाताची रीत अशी की रिव्हॉल्व्हरच्या नळीचे (बॅरलचे) तोंड खाली ठेवावे, क्लिप दोन बोटांत धरून दोन गोळ्या त्यांच्या चेंबरच्या तोंडाशी लावाव्यात आणि सोडून द्यावी. बाकीच्या मागोमाग जातात. १९९९ साली अमेरिकी नेमबाज जेरी मिक्युलेक यांनी सहा गोळ्या, नवी क्लिप आणि पुन्हा सहा गोळ्या हे सारे २.९९ सेकंदांत केले, ते .४५ एसीपीच्या मून क्लिपनेच. जोडी जुळलेली असली की काय साधते याचा तो पुरावा आहे. आपल्याला त्याच्या तिप्पट वेळ लागला तरी हरकत नाही.

१५. झाडलेल्या पुंगळ्यांची क्लिप सिलिंडरमधून एका झटक्यात का निघत नाही?

नळीचे तोंड आकाशाकडे न करता बरेच जण एजेक्टर (चांदणीला ढकलणारा दांडा) दाबतात, हे पहिले कारण. तोंड वर करून दांड्यावर तळहाताचा एकच, पूर्ण लांबीचा फटका द्यावा. चेंबर काजळलेले असतील किंवा दारूचा दाब अधिक असेल तर पुंगळ्या चिकटतात. पहिल्यासाठी सफाई करावी, दुसऱ्यासाठी ती काडतुसे झाडणे थांबवावे. बाहेर आलेली क्लिप तापलेली असते, तिच्यावर पाय पडू देऊ नये. जमिनीवरच्या क्लिपांचा सर्वांत मोठा शत्रू मागून चालत येणाऱ्याचा बूट असतो.

१६. क्लिप हरवली तर ९ एमएम किंवा .४५ एसीपी काडतुसे क्लिपशिवाय झाडता येतात का?

काही रिव्हॉल्व्हरांत येतात. चेंबरच्या आत पायरी असेल तर पुंगळीचे तोंड तिच्यावर टेकते आणि काडतूस झाडले जाते, पण पुंगळी चांदणीने निघत नाही. ती पेन्सिलीने किंवा काठीने एकेक ढकलावी लागते. सुरुवातीच्या कोल्ट एम१९१७ मध्ये ही पायरी नव्हती, तेथे क्लिपवाचून काडतूस आत घसरून जाते. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत निर्मात्याने परवानगी दिलेली नसेल तर प्रयोग करू नये.

.४५ एसीपीच्या क्लिप रिव्हॉल्व्हरांसाठी मात्र एक राजमार्ग आहे. १९२० साली पीटर्स या काडतूस कंपनीने .४५ ऑटो रिम हे जाड रिमचे काडतूस काढले, ते क्लिपशिवाय बसते आणि चांदणीने निघते. क्लिपा भरण्याचा मनापासून कंटाळा असलेल्यांसाठी ते आजही उत्तम आहे.

१७. प्लास्टिकच्या क्लिपा कशा असतात?

भरायला आणि रिकाम्या करायला हाताला सुखद असतात, साधनही लागत नाही, आणि वाकून रुसत नाहीत. दात झिजला की काडतुसे लोंबू लागतात किंवा क्लिप तुटते, म्हणजे दोष निदान उघड दिसतो. सरावासाठी मी त्या सुचवतो. त्या मोजक्याच मॉडेलांसाठी मिळतात.

१८. क्लिपा भरून किती काळ ठेवाव्यात? आणि स्वच्छ कशा कराव्यात?

पोलादी क्लिप भरलेली राहिल्याने बिघडत नाही. ती बिघडते खिशात, पिशवीच्या तळाशी आणि इतर वस्तूंच्या ओझ्याखाली. भरलेल्या क्लिपा कप्प्यांच्या डब्यात आणि रिकाम्या क्लिपा एका सळईवर ओवून ठेवाव्यात. काडतुसे बसवलेल्या क्लिपा, मग त्या एकच का असेनात, दारूगोळ्याप्रमाणेच कुलूपबंद असाव्यात.

सफाईसाठी रिकाम्या क्लिपा सॉल्व्हंटमध्ये भिजवून ब्रशने घासाव्यात आणि पूर्ण कोरड्या कराव्यात. साध्या पोलादाच्या असतील तर गंज येऊ नये म्हणून तेलाचे फडके फिरवावे, पण भरण्यापूर्वी ते तेल पुसून काढावे. तेल प्रायमरपर्यंत झिरपले तर काडतूस निकामी होऊ शकते. काजळीत शिसे असते, म्हणून क्लिपा रिकाम्या केल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

१९. हलक्या ९ एमएम रिव्हॉल्व्हरमध्ये दोन-तीन गोळ्या झाडल्यावर सिलिंडर फिरेनासे होते. क्लिप तर नवी आहे.

येथे क्लिप निर्दोष असते आणि गोळी दोषी. ९ एमएमचे काडतूस पिस्तुलासाठी घडवलेले असल्याने त्यात गोळी पुंगळीच्या तोंडाने फार घट्ट आवळलेली नसते. हलक्या रिव्हॉल्व्हरच्या झटक्याने क्लिपमध्ये पकडलेली पुंगळी मागे येते आणि गोळी जडत्वाने जागेवर राहू पाहते, म्हणजे झटक्यागणिक ती पुंगळीतून पुढे सरकत जाते. ती सिलिंडरच्या पुढच्या तोंडातून डोकावली की फिरणे थांबते. रेंजवर खात्री करून घेता येते: चार गोळ्या झाडाव्यात, नळी सुरक्षित दिशेला ठेवून सिलिंडर उघडावे आणि क्लिपमधील पाचवे काडतूस न झाडलेल्या दुसऱ्या काडतुसाशेजारी धरून दोहोंची लांबी व्हर्नियरने मोजावी. ते लांबलेले असेल तर त्या रिव्हॉल्व्हरसाठी हलक्या गोळीची किंवा अधिक घट्ट आवळलेली काडतुसे निवडावीत. लांबलेले काडतूस दाबून पुन्हा बसवू नये. ते न उडालेल्या काडतुसांच्या डब्यात जावे (प्रश्न ९ पाहा).